इंजिनाचा पहिला घास

गोराई,
१२ मार्च २०२४

ती. अनंतदादास वसूचा नमस्कार.

फोन करून उपयोग नाही. कानाला यंत्र लावलंस तरी तू "हो, हो" म्हणतोस आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतोस. म्हणून लिहिते आहे. उद्या होडीने पलीकडे जाईन तेव्हा बोरिवलीच्या पोस्टात टाकीन.

गेल्या मंगळवारी आमचा ट्रॅक्टर पेटता पेटता राहिला. सुयोग खालच्या तुकड्यात नांगर फिरवत होता, मी बांधाला मुळा उपटत होते. बराच वेळ काम झाल्यावर बॉनेटच्या फटीतून धूर येताना दिसला. सुयोगने उडी टाकली आणि झाकण सताड उघडलं, तसा आतून जाळ वर आला. ओली गोणपाटं टाकून विझवलं, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं भाजली ती भाजलीच. आत निघालं साळुंकीचं घरटं. सुकं गवत, प्लॅस्टिकची सुतळी, माझ्या गजऱ्याचा दोरा, कुणाच्या तरी पतंगाची शेपटी. आदल्या दिवशी आत काही नव्हतं, असं सुयोग शपथेवर सांगतो.

पोरगा फार चिडला आहे. वाकोल्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून त्याने वडिलांची वाडी हातात घेतली, त्यासाठीच हा लहान ट्रॅक्टर आणला. शेजारची वाडी लग्नाच्या लॉनला गेली आहे, आणि तो लॉनवाला आता आमच्या दारात चपला झिजवतोय. सुयोग मला म्हणाला, "आई, पुन्हा एकदा धूर दिसला ना, तर वाडी त्याला देऊन टाकीन आणि हे डबडं भंगारात." तो बोलतो ते करतो, बापाच्या वळणावर गेलाय. हे गेले, आता ही वाडीही गेली तर मी सकाळी उठून काय बघू?

आणि ट्रॅक्टरची मी हेळसांड करते असंही नाही. दसऱ्याला पूजा केली तेव्हापासून रोज पहिला घास त्यालाच ठेवते, बॉनेटवर, तुझी आई, माझी मामी, बाभईच्या वाडीतल्या विहिरीच्या इंजिनाला ठेवायची तसा. तरी हे असं.

पस्तीस वर्षं पोरांना इंजिन शिकवलंस, आता मला शिकव. नुसतं "हे कर, ते कर" नको. का ते सांग. कारण कळल्याशिवाय सुयोग स्क्रूसुद्धा फिरवत नाही.

तुझी,
वसू


मुलुंड (पूर्व),
१७ मार्च २०२४

चि. वसूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचले. सुयोगच्या बोटांवर फोड आले असतील तर ते फोडू नकोस आणि जखम चिघळू लागली तर डॉक्टरांना दाखव. "का ते सांग" असे तू लिहिलेस, त्यामुळे निवृत्तीनंतर कितीतरी दिवसांनी मला फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे वाटले.

आधी साळुंकीच्या बाजूने पाहू. तिला झाडाची ढोली हवी असते: तोंड अरुंद, वर छप्पर, आत अंधार, कावळ्याची चोच आणि मांजराचा पंजा पोहोचणार नाही इतकी खोल. तुमच्या बॉनेटखाली हे सगळे आहे, शिवाय संध्याकाळी उभ्या केलेल्या इंजिनाची थोडी ऊबही आहे. तिच्या लेखी तो ट्रॅक्टर नाही, उत्तम वळचण आहे. आणि ती विलक्षण झपाट्याने काम करते. जोडीने येरझाऱ्या घालून ती एका सकाळीत ओंजळभर काडी आत नेते. तेव्हा आदल्या दिवशी काही नव्हते हे सुयोगचे म्हणणे खोटे असण्याचे कारण नाही.

आता इंजिनाच्या बाजूने पाहू. जळालेला वायू ज्या नळ्यांतून सायलेन्सरकडे जातो, त्या नळ्या भाकरीच्या तव्याहून कितीतरी जास्त तापतात. त्यांना सुके गवत टेकले, त्यावर थोडे तेल सांडलेले असले आणि समोरून पंखा वारा घालत असला, म्हणजे लोहाराच्या भात्याची पूर्ण तयारी झाली. नळ्या तापायला वेळ लागतो, म्हणून धूर काम बरेच झाल्यावर दिसला. झाकण उघडताच जाळ वर का आला? आत कोंडलेल्या आगीला एकदम भरपूर हवा मिळाली म्हणून. यापुढे धूर दिसला तर प्रथम इंजिन बंद करावे, डिझेलची तोटी बंद करावी, आणि झाकण फक्त बोटभर उचलून त्या फटीतून अग्निशामकाची पावडर मारावी. तो अग्निशामक घरात खुंटीला नको, ट्रॅक्टरवर हाताशी हवा.

पण आग विझवण्यापेक्षा ती लागू न देणे कधीही चांगले. दर वेळी सुरू करण्याआधी झाकण उघडून पाहायचे. दिवसातून एकदा नव्हे, दर वेळी, अगदी जेवायला जाऊन परत आल्यावरसुद्धा. काडी दिसली की काढायची, हात न पोहोचणाऱ्या कोपऱ्यात आरसा आणि विजेरी धरून पाहायचे. बाजूच्या मोठ्या फटींना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावायची, मात्र पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ ती येता कामा नये. रेडिएटरसमोर बारीक जाळी मुळीच नको. तिच्यात धूळ अडकली तर एका संकटातून दुसऱ्यात पडाल.

हे लिहिताना बाभईची वाडी डोळ्यांसमोर उभी राहिली. विहिरीवरचे ते आडवे ऑइल इंजिन, त्याचे माणसाएवढे चाक, आणि हातात हँडल घेऊन उभे असलेले बाबा. ते सुरू करण्याआधी पत्र्याच्या झाकणावर हँडलने दोनदा टकटक करीत, मग झाकण काढून आत हात फिरवीत. ते इंजिनाला झोपेतून उठवतात असे आपल्याला वाटायचे. आज कळते की ते आत कोणी आहे का, हे विचारीत होते. तुम्हीही टकटक करा. आता मला दारावरची टकटक ऐकू येत नाही, पण पत्र्यावरची ती दोन ठोक्यांची टकटक अजून स्पष्ट येते.

आईचा घास तू चालू ठेवलास हे वाचून फार बरे वाटले. तो मोडू नकोस.

तुझा,
अनंत


गोराई,
५ एप्रिल २०२४

अनंतदादा,

तुझं पत्र सुयोगने माझ्या हातातून ओढून घेतलं आणि ओट्यावर बसून सगळं वाचलं. वाचून एवढंच म्हणाला, "मामांकडे शिकलो असतो तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी जाळी आणली, कापली, तारेने बांधली. अग्निशामक सीटच्या मागे अडकवला. आता रोज टकटक करतो आणि विचारतो, "कोण आहे का घरात? भाडं थकलंय."

पण दादा, साळुंक्या हटत नाहीत. रोज सकाळी काडी, जेवून आलं की काडी. जाळीतून जमत नाही तर खालून, गिअरच्या बाजूने शिरतात. धीट एवढ्या झाल्यात की एक स्टिअरिंगवर बसते आणि दुसरी बॉनेटवर माझ्याकडे बघत मान वाकडी करते. सुयोग म्हणतो, "आई, ह्या आपल्याकडे कामाला आहेत काय? माझ्याआधी हजर असतात." हसतो, पण पूर्वीसारखा नाही. काम संपलं की पटकन खाली उतरतो. आधी कसा, उगाच बसून राहायचा, मोबाइलवर गाणी लावून.

तू टकटक लिहिलीस, पण बाभईचं एक विसरलास. मामी भाताचा घास घेऊन जायची, तो ठेवून झाला तरी मामा लगेच हँडल मारायचा नाही. नुसता उभा राहायचा, हँडल खांद्याला लावून. इंजिन जेवल्याशिवाय आपल्याला न्याहारी नाही. मे महिन्यात मी तुमच्याकडे यायचे ना, तेव्हा भुकेने जीव जायचा. तू मला फांदीवरचे चिकू काढून द्यायचास, कच्चे, जीभ चिकटायची. मला वाटायचं मामा मनात देवाचं नाव घेतोय.

येत्या आठवड्यात चेंबूरला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, दोन-तीन दिवस जाऊ. भाजीला पाणी द्यायला शेजारच्या कुंडलिकला सांगितलंय.

तुझी,
वसू


मुलुंड (पूर्व),
१० एप्रिल २०२४

चि. वसूस आशीर्वाद.

घाईने लिहितो आहे. चेंबूरला जाण्याआधी खालची, गिअरकडची फट बंद करा, आणि कुंडलिकला रोज एकदा झाकण उघडून काडी काढायला सांगा. अंडी नाहीत तोवर काडी काढल्याने पक्ष्याचे काही जात नाही, तो दुसरी जागा शोधतो. अंडी पडली की गोष्ट निराळी होते.

साळुंक्या इतक्या चिकाटीने तिथेच का येतात, याचे उत्तर मात्र मला सापडलेले नाही. गोराईत झाडे आहेत, ढोल्या आहेत. जाळी लावून, रोज काडी काढूनही त्याच ट्रॅक्टरचा मोह का? माझ्या समजुतीत काहीतरी राहून गेले आहे. बाबा वाट पाहत उभे राहायचे, हे तुझे वाक्य मी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवले आहे.

तुझा,
अनंत


गोराई,
२७ एप्रिल २०२४

अनंतमामा, नमस्कार.

आई रुसलीय, म्हणून मी लिहितोय. तुमचं दहा तारखेचं पत्र आम्ही चेंबूरला असताना आलं. लग्नाला म्हणून गेलो आणि आत्याने पूजा, मांडव-परतणी करत दहा दिवस सोडलं नाही. घरी आलो तर पत्र दाराच्या कडीला, आणि ट्रॅक्टरमध्ये चार अंडी. आकाशी रंगाची. क्लचच्या केबलसाठी जाळीत जागा सोडली होती, तिथून शिरल्या. कुंडलिककाकांनी भाजीला पाणी दिलं, पण झाकणाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, घरटं उचलून चाफ्यावर ठेवतो. आई ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. "हात लावलास तर मी जेवणार नाही." मी म्हटलं, मग नांगरणी काय लॉनवाला करणार? तेव्हापासून अबोला. पण पहिला घास बॉनेटवर ठेवायला मात्र रोज येते. मी समोर असलो तरी बघत नाही. साळुंक्या तिच्या हाताजवळून उचलून खातात.

लॉनवाल्याला मेअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. तोवर जमीन नांगरून भाताची रोपं टाकायची तयारी झाली नाही, तर मी काय तोंडाने नाही म्हणू?

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. मला वाडी सोडायची नाहीये, मामा. पण त्या दिवसापासून चावी फिरवताना हात गार पडतो. सगळं तपासलेलं असतं, तुम्ही लिहिलंत तसं सगळं करतो, तरी पायाखालून धूर येतोय असं वाटत राहतं. लॉनवाल्याचं नाव घेतलं की लोकांना वाटतं मला पैसा हवाय. तसं वाटलेलं बरं, म्हणून गप्प बसतो.

सुयोग


मुलुंड (पूर्व),
३ मे २०२४

चि. सुयोगास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावाने पाठवतो आहे. तुझ्या पत्रातली शेवटची गोष्ट तुझ्यामाझ्यातच राहील.

तुझ्या पत्रातले एक वाक्य वाचून मी ताडकन उठलो: "साळुंक्या तिच्या हाताजवळून उचलून खातात." दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडून बाभईला गेलो. आमची वाडी होती तिथे आता तीन उंच इमारती आहेत. पहारेकऱ्याने विचारले, "कुणाकडे जायचंय?" मी म्हणालो, "विहिरीकडे." त्याला मी काय बोललो ते कळले नाही आणि तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही, पण त्याने आत सोडले. विहीर अजून आहे. वर लोखंडी जाळी, भोवती कुंड्या. इंजिनाची खोली होती तिथे आता दुचाक्या उभ्या असतात. आणि विहिरीच्या पलीकडच्या काठावर, खोलीपासून चांगली दूर, ती चपटी शिळा तशीच आहे. मधोमध झिजून खोलगट झालेली. तिला हात लावताक्षणी मला आईचा वाकलेला पाठमोरा आकार दिसला.

आई घास इंजिनावर ठेवत नसे, सुयोग. ती तो विहिरीपलीकडच्या त्या शिळेवर ठेवत असे. घास ठेवला की वाडीतल्या साळुंक्या खायला उतरत. बाबा हँडल खांद्याला लावून पाहत उभे राहत, कोणती कुठून येते ते. एखादी इंजिनाच्या खोलीतून बाहेर पडली, तर त्या दिवशी झाकण पूर्ण उतरवून कोपरान् कोपरा तपासायचा. नाही पडली, तरी टकटक करून हात फिरवायचाच. तुझ्या आईला आठवत होता घास आणि वाट पाहणे, मला आठवत होती टकटक. शिळा दोघांनाही आठवत नव्हती. त्यामुळे तिने मायेने पाखरांना रोज बॉनेटवरच जेवायला बोलावले, आणि मी मुलुंडला बसून "तो मोडू नकोस" असे लिहिले. जिथे रोज आयते अन्न मिळते, त्याच्या शेजारी कोण घर करणार नाही?

आता काय करायचे ते सांगतो. अंड्यांना हात लावू नका. घरटे हलवले तर बहुधा जोडी ते सोडून देते. अंडी पडल्यापासून पिल्ले उडेपर्यंत महिनाभराहून थोडे अधिक लागते. तोवर ट्रॅक्टर सुरू करायचा नाही. रोपांपुरता तुकडा लहान असतो, तेवढा कुंडलिकच्या टिलरने करून घ्या. मोठा तुकडा जूनच्या सुरुवातीला झाला तरी भाताचे काही अडत नाही, हे तुझी आई माझ्याहून चांगले जाणते. घास वाडीच्या पलीकडच्या कुंपणभिंतीवर न्या, रोज थोडा थोडा दूर. भिंतीजवळच्या झाडाला एक मडके आडवे बांधा, तोंड पावसाच्या उलट बाजूला. पुढच्या विणीला त्यांना जागा हवीच असणार.

आणि तुझ्या हाताबद्दल. माझे बाबा चाळीस वर्षे ते इंजिन चालवत होते आणि रोज वाट पाहत होते. ज्याला मुळीच भीती वाटत नाही, तो झाकण उघडत नाही. तुझा हात गार पडतो, म्हणून तू तपासतोस. तो गार पडायचा राहील तेव्हा मात्र मला कळव.

आईला शिळेचे मी सांगणार नाही, तू सांग. मी सांगितले तर तिला वाटेल, मामीचा घास मोडायला सांगतो आहे.

तुझा,
अनंतमामा


गोराई,
९ जून २०२४

अनंतदादा,

सुयोगने शिळेचं सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुझा मामा बहिरा झाला तो झाला, आता विसरभोळाही झालाय. मामी इंजिनालाच ठेवायची." मग तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा मला मामीचा ओला पदर आठवला. विहिरीला वळसा घालून येताना तिचा पदर कायम काठच्या पाण्याच्या कुंडाला घासून भिजायचा. इंजिनाच्या खोलीत जाऊन कुठला पदर भिजणार? दुसऱ्या दिवशी ताटली चार हात लांब ठेवली. कुणाला काही बोलले नाही. हळूहळू भिंतीपर्यंत नेली. साळुंक्यांनी दोन दिवस बॉनेटवर बसून माझा उद्धार केला, मग आल्या मुकाट्याने.

पिल्लं चारही उडाली. शेवटचं एक दिवसभर सीटवर बसून होतं, सुयोग त्याला म्हणाला, "लायसन आहे का?" घरटं काढून पाहिलं तर मऊ भाग सगळा माझ्या जुन्या साडीच्या चिंध्यांचा. मडक्यात आता नवी जोडी शिरते-निघते.

काल ट्रॅक्टर काढला. लॉनवाला नेमका तेव्हाच आला, मेअखेर उलटली म्हणून उत्तर मागायला. सुयोग म्हणाला, "बसा, जरा थांबा." मी घास घेऊन भिंतीकडे गेले. साळुंक्या चाफ्यावरून आल्या, पेरूवरून आल्या, एक मडक्यातून आली. ट्रॅक्टरकडून एकही नाही. सुयोग उभा होता, हातात चावी. लॉनवाल्याने विचारलं, "बिघडलाय का?" तो म्हणाला, "नाही. घरात कोणी आहे का बघतोय." मग टकटक केली, थांबला, झाकण उघडलं, आरसा धरला, हात घातला. एक काडी निघाली. एकच. ती त्याने खिशात टाकली.

चावी फिरवण्याआधी त्याने हात दोनदा विजारीला चोळून गरम केला. मला मार्चपासून माहीत आहे, दादा. तुम्हा दोघांना वाटतं मला पत्रातलंच कळतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि ताटली धुवून झाली तरी धूत राहिले. इंजिन लागलं. त्याने पूर्ण तुकडा केला, मध्ये एकदा थांबून झाकण उघडून पाहिलं, पुन्हा चढला. संपल्यावर लगेच उतरला नाही. बसून राहिला, गाणी लावून. लॉनवाला कंटाळून उठला तेव्हा त्याला वरूनच म्हणाला, "लग्नं शेजारीच लावा. आमच्याकडे बाळंतपणं असतात."

तू ये आता. होडीतून उतरलास की सुयोग न्यायला येईल. टकटक तुला ऐकू येणार नाही, पण इंजिन चालू झालं की बॉनेटवर तळवा ठेव, मामा ठेवायचा तसा, सगळं कळेल. सकाळी लवकर ये. मी भिंतीवर घास ठेवीन, पाखरं येतील, आपण तिघं उभे राहून बघू कोण कुठून येतं ते. न्याहारी तोवर कुणालाच मिळणार नाही. चिकू आहेत झाडावर, कच्चे.

तुझी,
वसू